वडिलांचा लहान हिप्पोकॅम्पस आणि जनुकांचा हात

प्रश्न थोडक्यात असा: वडील सत्तरीचे. विसरायला व्हायला लागलं म्हणून एमआरआय केला, तर अहवालात ‘दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचं (आठवणी साठवण्यात महत्त्वाचा असलेल्या मेंदूतल्या छोट्या भागाचं) आकारमान वयाच्या मानाने कमी’ असं आलं. विचारणारा चाळिशीचा आहे. मेंदूच्या भागांचं आकारमान जनुकांवर अवलंबून असतं असं त्याच्या वाचनात आलंय. मग वडिलांचा लहान हिप्पोकॅम्पस माझ्याकडेही आला असेल का, आणि जनुकीय चाचणी केली तर ते कळेल का?

मेंदूच्या एमआरआयवरची मोजमापं आणि जनुकीय माहिती एकमेकांशी ताडून पाहणं हे माझं रोजचं काम आहे. त्यामुळे आधी सरळ उत्तर. जनुकांचा हात आहे, आणि तो चांगलाच मोठा आहे. पण तो मुख्यतः मेंदू घडतानाचा. सत्तरीत दिसणारं लहानपण ही बहुतेक वेळा वेगळी गोष्ट असते. मुळात लहान घडलेला भाग आणि पुढे आक्रसलेला भाग एकाच स्कॅनवर जवळपास सारखेच दिसतात. तुमच्या प्रश्नात या दोन गोष्टी एकत्र झाल्या आहेत, आणि खरं सांगायचं तर पुष्कळ अहवालांतही होतात.

जनुकांचा वाटा किती, हे कळलं ते जुळ्यांच्या अभ्यासातून. एकाच फलित बीजापासून झालेल्या जुळ्यांची जनुकं जवळजवळ सगळी सारखी असतात, तर दोन बीजांपासून झालेल्या जुळ्यांमध्ये, इतर सख्ख्या भावंडांसारखाच, जनुकांमधल्या फरकांचा सरासरी निम्मा भाग सामाईक असतो. घर, वय आणि आईचं गर्भाशय दोन्ही प्रकारांत एकच. आता समजा पहिल्या प्रकारच्या जोड्यांमध्ये एखाद्या भागाच्या आकारमानाचा सहसंबंध (० म्हणजे काहीच साम्य नाही, १ म्हणजे तंतोतंत) ०.८० निघाला आणि दुसऱ्या प्रकारात ०.४५. या दोनांतल्या फरकाची दुप्पट केली की ०.७० येतं. म्हणजे त्या समूहात माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला साधारण ७० टक्के फरक जनुकांमधल्या फरकांशी जोडता येतो. कवटीच्या आतलं एकूण आकारमान, आणि थॅलॅमस, पुटामेन, कॉडेट हे मेंदूत खोलवर असलेले भाग, यांचे आकडे साधारण याच पट्ट्यात किंवा थोडे वर येतात. हिप्पोकॅम्पस त्यांच्या जरा खाली. अमिग्डाला आणि न्यूक्लियस अकम्बन्स हे खोलवरचेच आणखी दोन भाग त्याहून खाली, कारण हे भाग छोटे, त्यांच्या कडा पुसट, आणि मोजण्यातली चूक हिशेबात ‘परिस्थिती’च्या खात्यात जाते.

हा ७० टक्क्यांचा आकडा समूहाचा आहे. एका माणसाच्या हिप्पोकॅम्पसचे ७० टक्के जनुकांनी आणि ३० टक्के परिस्थितीने बनवले, असा त्याचा अर्थ लावता येत नाही. तरी तुमच्या प्रश्नापुरता त्याचा एक उपयोग करता येतो. मुलाला वडिलांकडून निम्मीच जनुकं मिळतात, त्यामुळे वडील आणि मुलगा यांच्यातला अपेक्षित सहसंबंध या आकड्याच्या निम्मा, म्हणजे ०.३५. वडिलांचा हिप्पोकॅम्पस जन्मापासूनच लहान होता असं घटकाभर धरून चालू. तो इतका लहान, की शंभर जणांत तळाच्या दोन-तीनांत बसेल, म्हणजे सरासरीच्या दोन प्रमाण विचलनं (लोकांमधल्या पसाऱ्याचं माप) खाली. तर मुलाचा अपेक्षित आकडा ०.७ विचलन खाली येतो. शंभरात साधारण चोविसावा. हे पूर्णपणे सर्वसामान्य मर्यादेतलं आहे. शिवाय त्या अपेक्षेच्या आजूबाजूचा पसारा मोठा राहतो: अशा वडिलांच्या शंभर मुलांपैकी स्वतःही दोन विचलनांखाली जाणारे जेमतेम आठ. आणि हे सगळं ‘जन्मापासूनच लहान’ हे गृहीतक खरं असेल तरच. ते तुमच्या वडिलांच्या बाबतीत खरं असेल असं मला वाटत नाही, पण त्याकडे नंतर येतो.

आता कोणती जनुकं, हा मुद्दा. साधारण २००० ते २०१० या काळात रीत अशी होती की संशोधक एखादं ‘संशयित’ जनुक निवडायचे, शंभर-दोनशे लोकांचे स्कॅन काढायचे आणि त्या जनुकाच्या दोन रूपांनुसार आकारमानाची तुलना करायचे. बीडीएनएफ या जनुकातला एक बदल आणि लहान हिप्पोकॅम्पस ही जोडी त्या काळात फार गाजली. नमुने मोठे होत गेले तसा तो परिणाम विरत गेला. एएसपीएम आणि मायक्रोसेफॅलिन या जनुकांच्या काही रूपांवर माणसात अलीकडच्या काळातही निवड होत आली आहे, असा दावा २००५ मध्ये झाला आणि मेंदूच्या आकाराबद्दल नको नको ते तर्क लढवले गेले. प्रत्यक्ष मोजून पाहिलं तेव्हा त्या रूपांचा सर्वसामान्य लोकांच्या मेंदूच्या आकारमानाशी संबंध सापडला नाही. इंटरनेटवर आजही ‘मेंदूचं जनुक’ म्हणून जे फिरतं त्यातलं बरंचसं त्या काळातलं आहे. त्याकडे दुर्लक्ष केलेलं बरं.

चित्र पालटलं ते माणसं हजारोंच्या संख्येने मोजता यायला लागली तेव्हा. २००९ मध्ये एनिग्मा नावाचा आंतरराष्ट्रीय गट उभा राहिला. वेगवेगळ्या देशांतल्या प्रयोगशाळांनी आपापल्या स्कॅनवर एकाच पद्धतीने मोजमाप करायचं, डीएनएमधली लाखो ठिकाणं एकेक करून तपासायची आणि निकाल एकत्र करायचे, असं त्यांच्या कामाचं स्वरूप. २०१५ मध्ये त्यांनी ५० गटांतल्या ३०,७१७ लोकांवरचे निकाल ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केले. एवढ्या माणसांमधून कॉर्टेक्सखालच्या (कॉर्टेक्स म्हणजे मेंदूचा बाहेरचा, घड्यांचा थर) सात भागांसाठी आणि कवटीच्या आतल्या एकूण आकारमानासाठी मिळून खात्रीची ठिकाणं किती निघाली? आठ. २०२४ मध्ये हीच मोजणी ७४,८९८ लोकांवर झाली तेव्हा आकडा २५४ वर गेला.

त्या आठांतलं सगळ्यात ठळक ठिकाण जरा जवळून पाहण्यासारखं आहे. ते चौदाव्या गुणसूत्रावर, केटीएन१ या जनुकाच्या शेजारी, पण त्याच्या बाहेर, डीएनएची सुमारे ५० हजार अक्षरं पुढे आहे. म्हणजे प्रथिनाच्या रचनेत काहीच बदल होत नाही. बदलतं ते बहुधा जनुक किती प्रमाणात चालू राहायचं हे. या जनुकापासून कायनेक्टिन नावाचं प्रथिन बनतं. पेशीच्या आत पिशव्या आणि इतर घटक इकडून तिकडे ओढून नेणाऱ्या प्रथिनांना पकडायला जागा देणं हे त्याचं काम. या ठिकाणी एक अक्षर वेगळं असलं तर हालचालींशी निगडित असलेल्या पुटामेनच्या आकारमानात सुमारे ५० घन मिलीमीटरचा फरक पडतो. पुटामेन एका बाजूला साधारण पाच हजार घन मिलीमीटरचा, म्हणजे फरक एक टक्क्याच्या आसपास. लोकांमध्ये पुटामेनच्या आकारमानात जी विविधता दिसते, तिच्यातली जेमतेम अर्धा टक्का या ठिकाणामुळे. आणि हा सगळ्यात मोठा परिणाम! बाकीची ठिकाणं याहून क्षीण आहेत. म्हणून मी ठामपणे सांगतो की हिप्पोकॅम्पसच्या ‘सामान्य’ आकारमानासाठी एक जनुक शोधत बसण्यात अर्थ नाही. हजारो ठिकाणांहून एकेक चिमूट येते आणि बेरीज होते.

या बदलांपैकी बहुतेक सगळे जनुकांच्या बाहेरच्या, त्यांना चालू-बंद करणाऱ्या पट्ट्यांमध्ये सापडतात. ते कधी काम करतात याचं उत्तर कॉर्टेक्सच्या अभ्यासातून चांगलं मिळालं, आणि मला स्वतःला या सगळ्या विषयातला हा भाग सर्वांत आवडतो.

उंदराच्या तुलनेत माणसाच्या कॉर्टेक्सचं क्षेत्रफळ सुमारे हजारपट आहे, पण जाडी दुपटी-तिपटीपलीकडे गेलेली नाही. मेंदूच्या घडणीचे अभ्यासक पास्को राकिच यांनी १९८८ मध्ये याचं एक स्पष्टीकरण मांडलं. गर्भात मेंदूच्या पोकळीच्या कडेला मूळपेशींचा थर असतो. सुरुवातीला एका मूळपेशीच्या दोन मूळपेशी होतात, म्हणजे भांडवलच वाढत जातं. मग पद्धत बदलते. प्रत्येक विभाजनात एक मूळपेशी जागेवर राहते आणि दुसरी चेतापेशी होऊन बाहेरच्या बाजूला चढते. एका मूळपेशीतून निघालेल्या चेतापेशी एकावर एक रचून उभा स्तंभ होतो. पहिल्या टप्प्यात किती फेऱ्या झाल्या त्यावर स्तंभांची संख्या, म्हणजे क्षेत्रफळ ठरतं. दुसरा टप्पा किती चालला त्यावर स्तंभाची उंची, म्हणजे जाडी ठरते. पहिल्या टप्प्यात एकच फेरी वाढली तर क्षेत्रफळ दुप्पट. दुसऱ्या टप्प्यात एक फेरी वाढली तर स्तंभावर एक पेशी जास्त. उत्क्रांतीने क्षेत्रफळ का वाढवलं, हे या हिशेबात दिसून येतं.

२०२० मध्ये एनिग्मा गटाने ५१,६६५ लोकांच्या कॉर्टेक्सवरचे निकाल ‘सायन्स’मध्ये दिले. क्षेत्रफळावर परिणाम करणारे बदल प्रामुख्याने गर्भातल्या मूळपेशींमध्ये जागृत असणाऱ्या पट्ट्यांत निघाले, जाडीवर परिणाम करणारे मोठ्या माणसाच्या मेंदूत जागृत असणाऱ्या पट्ट्यांत. क्षेत्रफळ आणि जाडी यांच्यातला जनुकीय संबंध चक्क उलटा होता: एक वाढवणारे बदल दुसरं थोडं कमी करण्याकडे झुकतात. तीन दशकांपूर्वी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून केलेला तर्क हजारो जिवंत माणसांच्या आकड्यांत असा उमटणं, हे विज्ञानात फार वेळा घडत नाही. ‘जाडी’ आणि ‘क्षेत्रफळ’ एकत्र करून नुसतं कॉर्टेक्सचं आकारमान सांगणारे अहवाल म्हणूनच मला अपुरे वाटतात.

हा पहिला टप्पा बिघडला तर काय होतं ते एएसपीएम जनुक दाखवतं. त्याच्या दोन्ही प्रती निकामी असतील, म्हणजे आई आणि वडील दोघांकडूनही सदोष प्रत आली असेल, तर जन्मजात लघुशिरस्कता (डोकं आणि मेंदू फार लहान असणं) येते. या आजाराचं हे सगळ्यात जास्त आढळणारं जनुकीय कारण. या जनुकाचं प्रथिन पेशी विभागताना गुणसूत्रं ओढणाऱ्या तर्कूच्या टोकांशी असतं. ते नसलं की मूळपेशींचं सारखं विभाजन नीट होत नाही, काही पेशी वेळेआधीच भांडवलातून बाहेर पडतात, आणि दुपटीचा हिशेब सुरुवातीलाच कोसळतो. मेंदू नेहमीच्या निम्म्याएवढाही राहू शकतो, पण त्याची ठेवण बहुतांशी शाबूत असते. गंमत म्हणजे उंदरात हे जनुक काढून टाकलं तर मेंदू दहाएक टक्केच लहान होतो. फेरेट या मुंगसासारख्या दिसणाऱ्या, घड्यांचा मेंदू असलेल्या प्राण्यात काढलं, तर वजन ४० टक्क्यांपर्यंत घटतं, असं २०१८ मध्ये दिसलं. उंदरावरून माणसाच्या मेंदूच्या आकाराबद्दल बोलताना हे लक्षात ठेवावं लागतं. आणि जनुकाचं नाव ऐकून हुरळून जाऊ नये म्हणून दुसरं उदाहरण: झिका विषाणू गर्भातल्या याच मूळपेशींवर हल्ला करतो आणि जनुकं धडधाकट असतानाही बाळ लहान डोक्याचं जन्मतं.

जनुकांच्या प्रतींची संख्या बदलली तरी मोठा फरक पडतो. पहिल्या गुणसूत्रावरचा १क्यू२१.१ हा तुकडा गळला तर डोकं लहान, दुप्पट झाला तर मोठं. सोळाव्या गुणसूत्रावरच्या १६पी११.२ या तुकड्याचं नेमकं उलट. तुमच्या प्रश्नाशी या विरळ प्रकारांचा संबंध नाही, तेव्हा इतकंच.

आता वडिलांकडे येतो. सत्तरीत हिप्पोकॅम्पस लहान दिसतो तेव्हा पहिला संशय आक्रसण्यावर घ्यावा. वय झालेल्या निरोगी माणसांतही तो वर्षाला दीड टक्क्याच्या आसपास कमी होतो. अल्झायमर असेल तर साडेचार टक्क्यांच्या आसपास. दहा वर्षांत ही दरी केवढी वाढते पाहा, आणि तिच्यासमोर एका अक्षराचा एक टक्क्याच्या आसपासचा परिणाम ठेवून बघा. आक्रसण्यातही जनुकं असतात, पण ती वेगळी. एपीओई जनुकाचं ई४ हे रूप अल्झायमरचा धोका वाढवतं: एक प्रत असेल तर साधारण तिप्पट, दोन असतील तर आणखी बराच. हे रूप असलेल्या तरुणांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये दखल घेण्याजोगा फरक सहसा दिसत नाही. तो उतारवयात दिसू लागतो. एका जनुकाने एखादा भाग खात जाण्याचं ढळढळीत उदाहरण हवं तर हंटिंग्टनच्या आजाराचं. एचटीटी जनुकात सी-ए-जी ही तीन अक्षरं ४० किंवा जास्त वेळा लागोपाठ आली की आजार होतोच, आणि कॉडेट-पुटामेन लक्षणांच्या दहा-पंधरा वर्षं आधीपासून कमी होऊ लागतात. मेंदू घडताना लहान झाला असं इथे कुणी म्हणणार नाही.

जनुकांशिवायही कारणं आहेत: दीर्घकाळचं नैराश्य, फिट्सचा आजार, मद्य, मधुमेह, कधीतरी मेंदूला ऑक्सिजन कमी पडणं. उलट्या दिशेने, २०११ मध्ये १२० वयस्क लोकांच्या एका चाचणीत वर्षभर नियमित चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस सुमारे दोन टक्क्यांनी वाढलेला दिसला. नंतरच्या चाचण्यांचे निकाल मिश्र आहेत. चालायला सांगायला मला त्या दोन टक्क्यांची गरज वाटत नाही, हृदय आणि रक्तवाहिन्यांसाठीच ते पुरेसं कारण आहे.

मोजमापाबद्दल थोडं रोखठोक बोलतो, कारण इथेच लोक विनाकारण घाबरतात. हिप्पोकॅम्पस म्हणजे चार सेंटिमीटर लांब, पाच मिलीमीटर त्रिज्येचा दंडगोल समजा. आकारमान येतं साधारण ३,१०० घन मिलीमीटर. आता संगणकाने त्याची कड सगळीकडून फक्त अर्धा मिलीमीटर आत ओढली, तर आकारमान साधारण २१ टक्क्यांनी घटतं. एमआरआयचा एक ठोकळा साधारण एक मिलीमीटरचा असतो, म्हणजे ही चूक अर्ध्या ठोकळ्याची. रुग्ण स्कॅनमध्ये थोडा हलला तरी ऊतक कमी मोजलं जातं. डोकं लहान असेल तर हिप्पोकॅम्पसही लहान असणारच, म्हणून कवटीच्या आतल्या आकारमानाशी तुलना केल्याशिवाय ‘कमी’ या शब्दाला वजन नाही. संशोधनात आम्ही हजारोंची सरासरी काढतो म्हणून या चुका विरतात. एका माणसाच्या एका स्कॅनमध्ये त्या तशाच राहतात.

‘लहान म्हणजे बुद्धी कमी’ हा सूर प्रश्नात अस्पष्ट ऐकू येतो, म्हणून सांगतो: एकूण मेंदूचं आकारमान आणि बुद्धिमापन चाचण्यांचे गुण यांचा सहसंबंध ०.२ ते ०.२५ च्या घरात आहे. त्यावरून कुणा एकाबद्दल काहीही सांगता येत नाही.

राहिली जनुकीय चाचणी. मेंदूच्या आकारमानासाठी तुम्ही ती करू नये असं माझं मत. हजारो ठिकाणांची बेरीज करून गुणांक काढता येतो, पण तो समूहांच्या अभ्यासात उपयोगी पडतो, एका माणसाला त्यातून निर्णय घेण्यासारखं काही मिळत नाही. त्यातून आजवरची बहुतेक माहिती युरोपीय वंशाच्या लोकांवरची असल्याने इतरांसाठी तो आणखी कच्चा. एपीओईची चाचणी मिळते, पण ई४ नसलं तरी अल्झायमर होतो आणि असलं तरी झालाच पाहिजे असं नाही. निकालाचं काय करणार हे आधी ठरवल्याशिवाय ती करू नये. अपवाद एकच: घरात दोन-तीन पिढ्यांत स्मृतिभ्रंश साठीच्या आधीच, पन्नाशीत किंवा चाळिशीत सुरू झाला असेल, तर एपीपी, प्रेसेनिलिन १ आणि प्रेसेनिलिन २ या जनुकांबद्दल जनुकीय समुपदेशकाशी बोला. वडिलांची तक्रार सत्तरीत सुरू झाली, तेव्हा तुमच्या घरात ती शक्यता कमी दिसते.

वडिलांसाठी मात्र करण्यासारखं आहे. न्यूरॉलॉजिस्टना तीन गोष्टी विचारा: आकारमान कवटीच्या मापाशी ताडून दिलं आहे का, डावी-उजवी बाजू सारखीच कमी आहे का, आणि मेंदूच्या इतर भागांत तसाच बदल दिसतो का. स्मृतीची सविस्तर चाचणी झाली नसेल तर ती करून घ्या, सोबत बी१२ आणि थायरॉइडचं रक्त तपासा. साधारण वर्षाने, शक्यतो त्याच यंत्रावर, त्याच पद्धतीने पुन्हा स्कॅन करा. जुना एखादा एमआरआय कुठे पडला असेल, डोकेदुखीसाठी किंवा अपघातानंतर काढलेला, तर तो शोधून डॉक्टरांना द्या. घडताना लहान की नंतर आक्रसलेला, हे दोन तारखांच्या स्कॅनमधल्या फरकावरून कोणत्याही जनुकीय चाचणीपेक्षा लवकर कळतं.